नेपच्यूनपलीकडचा न सापडलेला ग्रह: शोधायचा कसा आणि ‘सापडला नाही’ हे ठरवायचं कसं?

उत्तररात्र

नवव्या ग्रहाचा विषय निघाला की चर्चा ‘आहे की नाही’ इथेच अडकते. या धाग्यात मला वेगळं बोलायचंय. तो आहे असं धरून चाललो, तर आकाशाच्या फोटोंतून तो बाहेर कसा काढायचा, तो कुठे निसटतो, आणि एखादं सर्वेक्षण ‘सापडला नाही’ म्हणतं तेव्हा त्या वाक्यात किती वजन असतं?

सुरुवात दोन हिशेबांपासून करतो. पहिला उजेडाचा. सूर्यप्रकाश तिथवर जाताना अंतराच्या वर्गाने विरळ होतो आणि आपल्याकडे परत येताना पुन्हा वर्गाने. म्हणजे अंतर दुप्पट झालं की उजेड सोळाव्या हिश्श्यावर, प्रतीच्या भाषेत (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तेवढी वस्तू अंधुक) ३ प्रतींचा फटका. नेपच्यूनपलीकडच्या काही वस्तूंच्या कक्षा एकाच बाजूला झुकलेल्या दिसतात, त्यावरून बॅटिगिन आणि ब्राउन या खगोलशास्त्रज्ञांनी जानेवारी २०१६ मध्ये मांडलेला ग्रह पृथ्वीच्या सुमारे दहापट वस्तुमानाचा आणि ७०० खगोलीय एकक (ख.ए., एक म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर) अर्धदीर्घाक्षाचा, म्हणजे साधारण सरासरी अंतराचा, होता. २०२१ मध्ये त्यांनीच तो सुमारे सहापट आणि ३८० ख.ए. वर आणला. व्यास २५,००० किमी आणि परावर्तन ०.४ धरलं तर ५०० ख.ए. वर त्याची प्रत २१.६ येते. परावर्तन ०.१ च निघालं तर २३.१. एवढ्या एका अज्ञात आकड्यावर दीड प्रत इकडची तिकडे होते, हे लक्षात असू द्या.

दुसरा हिशेब चालीचा. अंतर d ख.ए. असेल तर प्रतियुतीच्या (ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असतो त्या वेळेच्या) सुमारास ताशी चाल = १४८ ÷ (d + √d) विकला (६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश). प्लूटो आत्ता साधारण ३५ ख.ए. वर, म्हणजे ताशी ३.६ विकला. १०० ख.ए. ला १.३५. ५०० ख.ए. ला फक्त ०.२८, दिवसाला पावणेसात विकला.

टॉमबॉ यांनी प्लूटो पकडला तो २३ आणि २९ जानेवारी १९३० च्या दोन काचांवर. त्या १३ इंची दुर्बिणीच्या काचेवर एक अंश म्हणजे सुमारे ३० मिमी. सहा दिवसांत प्लूटोचा ठिपका साधारण साडेतीन मिमी सरकला होता. काचा आलटूनपालटून दाखवणाऱ्या यंत्रात तो उडी मारल्यासारखा दिसला असणार. ५०० ख.ए. वरची वस्तू त्याच सहा दिवसांत त्याच काचेवर सरकली असती एक तृतीयांश मिलिमीटर. खरी अडचण इथे आहे. तो अंधुक आहे हे खरंच, पण एका रात्रीत तो जवळजवळ ताऱ्यासारखा जागच्या जागी राहतो.

त्रिज्या

धाग्याबद्दल आभार. एक पुरवणी जोडते. वरचं सूत्र वर्तुळाकार आणि क्रांतिवृत्तालगतच्या (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गालगतच्या) कक्षेचं आहे. लंबगोल कक्षेत अपसूर्य (सूर्यापासून सर्वांत दूरच्या) बिंदूजवळ ग्रहाची स्वतःची गती आणखी कमी असते, पण त्याने उत्तर फारसं बदलत नाही, कारण ही चाल मुळात ग्रहाची नाहीच, आपल्या पृथ्वीची आहे. ५०० ख.ए. वरचा ग्रह स्वतः वर्षाला ११६ विकला सरकतो, म्हणजे दोन कलाही नाहीत. पृथ्वीच्या फेऱ्यामुळे मात्र तो वर्षभरात सुमारे पावणेचौदा कला रुंदीचं वळण घेतो. हा पराशयच (आपली जागा बदलल्यामुळे दिसणारी सरक) त्याचं ओळखपत्र आहे.

म्हणून वेळ निवडणं महत्त्वाचं. प्रतियुतीला तो वक्री (उलट, पश्चिमेकडे सरकणारा) असतो आणि चाल सर्वाधिक असते. सूर्यापासून ९० अंशांच्या आसपास आला की जवळजवळ स्तंभी होतो, म्हणजे थांबल्यासारखा दिसतो, तेव्हा आठवडाभर फोटो काढले तरी हाती काही लागत नाही. प्रतियुतीच्या आधी-नंतर तीन-चार आठवडे, एवढीच कामाची खिडकी. दुसरा फायदा असा की प्रतियुतीला मुख्य पट्ट्यातले लघुग्रह ताशी ३०-३५ विकलांनी पळत असतात, त्यामुळे ते आपोआप वेगळे पडतात. तेच लघुग्रह स्वतः स्तंभी होतात तेव्हा हुबेहूब नेपच्यूनपलीकडची वस्तू असल्यासारखे वागतात. चुकीच्या महिन्यात केलेल्या शोधात सगळ्यात जास्त फसवतात ते हेच.

चांदणचुरा

प्रश्न बाळबोध वाटेल. इतका अंधुक आहे तर रात्रभर एक्स्पोजर देऊन त्या वस्तूच्या चालीने फ्रेम सरकवत स्टॅक (एकावर एक रचून बेरीज) का करायचे नाहीत? लघुग्रहांसाठी सिंथेटिक ट्रॅकिंग करतात तसं?

उत्तररात्र

बाळबोध अजिबात नाही. पण इथे उत्तर उलटं येतं. ४० ख.ए. वरची वस्तू तीन तासांत साडेनऊ विकला सरकते, तिच्यासाठी फ्रेम सरकवणं भागच आहे. ५०० ख.ए. वरची तीन तासांत ०.८५ विकला सरकते, म्हणजे सीइंगच्या (हवेच्या थरथरीने ठिपका जेवढा पसरतो त्याच्या) आतच. तेव्हा एका रात्रीच्या आत काहीही सरकवायचं नाही. तारे जुळवून साधा स्टॅक करा, सगळा प्रकाश त्याच ठिपक्यात जमा होतो. तीन मिनिटांच्या ६० फ्रेम घेतल्या तर १.२५ × लॉग ६० = २.२ प्रतींचा फायदा. एका फ्रेममध्ये १९.० पर्यंत दिसत असेल तर स्टॅकमध्ये २१.२. सरकवण्याची गरज पडते ती वेगवेगळ्या रात्री जोडताना. आणि तिथे सरळ रेषेची चाल धरून चालत नाही. महिनाभराच्या फ्रेम जोडायच्या तर मार्ग वाकतो, म्हणून चालीऐवजी अंतर गृहीत धरायचं (४००, ४२०, ४४० ख.ए. असं) आणि प्रत्येक अंतराचा पराशय मोजून फ्रेम हलवायच्या. दोन अंतरांमधली पायरी एवढी बारीक हवी की सर्वांत लांबच्या दोन रात्रींमध्ये चूक एका सीइंगपेक्षा जास्त होणार नाही.

निरभ्र

प्रत्यक्ष करणाऱ्यांसाठी कामाचा क्रम सविस्तर लिहितो, कारण चुका पायऱ्यांच्या सांध्यांत होतात.

पिक्सेलमागे ०.८ ते १.२ विकला ठेवा. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि १००० मिमी नाभीय अंतर असेल तर ०.७८ विकला येतं, ते उत्तम. दर फ्रेमनंतर दुर्बीण २०-३० पिक्सेल इकडेतिकडे हलवा, आणि दर वेळी वेगळ्या दिशेला. हे टाळलं तर तापलेले पिक्सेल प्रत्येक फ्रेममध्ये एकाच जागी राहतात आणि माउंटच्या सावकाश घसरणीमुळे स्टॅकमध्ये त्यांची एक मंद, सरकणारी रेघ उमटते. ही रेघ दूरच्या वस्तूच्या चालीइतकीच हळू असू शकते.

पहिली रात्र, चौथी रात्र, आठवी रात्र असं अंतर ठेवा. लागोपाठच्या दोन रात्रींत सात विकलांहून कमी सरक मिळते, तिच्यात शेजारच्या ताऱ्याची कड, दीर्घिकेचा हात, सगळंच मिसळतं. तीन दिवसांत वीस विकला मिळतात, त्या स्वच्छ दिसतात.

प्रत्येक स्टॅक गाया डीआर३ च्या (गाया उपग्रहाच्या तारकायादीतल्या) ताऱ्यांवर बसवा. उरलेली चूक ०.२ विकलांच्या वर असेल तर पुढे जाऊ नका, आधी तेच दुरुस्त करा. मग प्रत्येक रात्रीच्या ठिपक्यांची यादी काढा. दोन्ही रात्री एका विकलेच्या आत जुळणारं सगळं वगळा: तारे, दीर्घिका. उरतात ते ‘एकरात्री’ ठिपके. शोध त्यांच्यातच आहे.

वजाबाकीची पद्धत वापरत असाल तर संदर्भचित्र त्याच आठवड्याचं घेऊ नका. आठव्या रात्रीच्या फ्रेममधून पहिल्या ते आठव्या रात्रींचं सरासरी चित्र वजा केलं की ग्रह स्वतःतूनच काही प्रमाणात वजा होतो. संदर्भ मागच्या वर्षीचा हवा. तेवढ्यात तो दोन कला सरकलेला असतो.

आणि लक्ष्य क्षितिजाच्या जवळ असताना फोटो घेऊ नका. तिथे वातावरण निळा आणि तांबडा प्रकाश वेगवेगळा वाकवतं. वजाबाकीत प्रत्येक लालसर ताऱ्याजवळ एक काळा-पांढरा जोडठिपका उमटतो, आणि अशा शेकडो ठिपक्यांत एक खरा ठिपका हरवतो.

त्रिज्या

निरभ्र, ‘एकरात्री’ ठिपक्यांच्या पायरीवर एक गणित जोडते, कारण तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

समजा एका चौरस अंशात दर रात्री ३०० एकरात्री ठिपके उरले. तीन दिवसांच्या अंतराने ४०० ते ८०० ख.ए. मधली वस्तू १३ ते २५ विकला सरकेल. नुसती २५ विकला त्रिज्या धरून जोड्या लावल्या तर निव्वळ योगायोगाने १४ खोट्या जोड्या मिळतात. आता दिशा वापरा. पराशयाची चाल क्रांतिवृत्ताला समांतरच असते, आणि ग्रहाची कक्षा कितीही कललेली असली तरी ५०० ख.ए. वर त्याची स्वतःची गती ही दिशा जेमतेम तीन अंशांनी वळवू शकते. म्हणजे त्या संपूर्ण फ्रेममध्ये जिथे जिथे दूरची वस्तू असेल, तिथे तिथे ती पश्चिमेकडे एकाच कोनात सरकणार. या अरुंद पट्टीतच जोडी शोधली तर खोट्या जोड्या १४ वरून पाव जोडीवर येतात. तिसरी रात्र त्याच रेषेवर जुळली की योगायोग जवळपास संपला.

कोन न वापरता हजारो जोड्या डोळ्यांनी तपासत बसणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. तेवढ्या कष्टात दुप्पट आकाश तपासून होईल.

मृगशीर्ष

हे वाचून एक शंका आली. रुबिन वेधशाळा सुरू झालीच आहे, ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, एका फोटोत साधारण साडेनऊ चौरस अंश. २०२५ च्या जूनमध्ये पहिली चित्रं आली. एका फ्रेममध्ये २४.५ च्या आसपास प्रत. तर आता नववा ग्रह आपोआप यादीत यायला हवा ना?

उत्तररात्र

आपोआप येईल असं धरू नका. त्यांच्या नेहमीच्या पद्धतीत एका रात्री तोच भाग सुमारे अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा टिपतात, आणि त्या दोन ठिपक्यांची जोडी हा कक्षा जुळवण्याचा पहिला दगड. अर्ध्या तासात ५०० ख.ए. वरची वस्तू ०.१५ विकला सरकते. त्यांचा पिक्सेल ०.२ विकलांचा. म्हणजे हललेला दिसतच नाही! त्या रात्रीपुरता तो एखाद्या नवीन उजळलेल्या ताऱ्यासारखा दिसेल, तीन रात्रींनी तिथे नसेल आणि वीस विकलांवर दुसरा ‘नवीन तारा’ असेल. स्फोट पावणारे तारे आणि बदलते तारे ज्या यादीत जातात त्याच यादीत तो जाऊन बसेल. त्यामुळे त्या यादीतून, आसपास दीर्घिका नसलेले आणि पुन्हा कधीच न उजळलेले ठिपके उचलून वेगळी जोडणी करावी लागते. सूर्यापासूनचं अंतर गृहीत धरून सगळे ठिपके सूर्याच्या जागेवरून पाहिल्यासारखे मांडायचे, मग खऱ्या वस्तूचे ठिपके एका ओळीत येतात. या पद्धतीला हेलिओलिंक म्हणतात आणि ती आता चांगली रुळली आहे.

माझं मत: नववा ग्रह असलाच, तर त्याचे ठिपके आजही कुठल्या ना कुठल्या संग्रहात पडून असण्याची शक्यता भरपूर आहे. उणीव आहे ती जोडणीची.

वातचक्र

थोडा वेगळा सूर लावतो. मुळात पुरावाच किती भक्कम आहे? सेडना (उपसूर्य, म्हणजे सूर्यापासूनचं सर्वांत कमी, अंतर ७६ ख.ए., २००३) आणि २०१२ व्हीपी११३ (८० ख.ए.) या नेपच्यूनपलीकडच्या वस्तू नेपच्यूनच्या ओढीने तिथे गेलेल्या नाहीत, हे पटतं. पण ‘सगळ्या कक्षा एकाच बाजूला झुकल्यात’ या दाव्याबद्दल शंका आहे. या वस्तू उपसूर्य बिंदूजवळ असतानाच दिसतात. जिथे दुर्बीण रोखली तिथेच सापडतात. आकाशगंगेचा पट्टा गर्दीमुळे टाळला जातो, पावसाळी महिन्यांत जे आकाश प्रतियुतीला असतं ते सुटतं. २०१७ मध्ये ओसॉस या नेपच्यूनपलीकडच्या वस्तूंच्या सर्वेक्षणाच्या गटाने आणि २०२१ मध्ये नेपियर आणि सहकाऱ्यांनी तीन सर्वेक्षणांतल्या १४ वस्तू घेऊन दाखवलं की दुर्बिणी कुठे रोखल्या होत्या ते हिशेबात घेतलं तर समान विखुरलेल्या कक्षांशीही ही आकडेवारी जुळते. त्यात २०२५ मध्ये जाहीर झालेल्या २०१७ ओएफ२०१ आणि २०२३ केक्यू१४ या दोन्ही दूरच्या वस्तू त्या झुकावाशी जुळत नाहीत.

त्रिज्या

वातचक्रकाका, मुद्दा रास्त आहे, पण नेपियर यांच्या निष्कर्षाचा अर्थ नीट घ्यायला हवा. ‘समान विखुरलेल्या कक्षा नाकारता येत नाहीत’ आणि ‘कक्षा समान विखुरलेल्या आहेत’ यांत फरक आहे. १४ वस्तूंत झुकाव असला तरी तो सिद्ध होणं कठीणच. शिवाय फक्त झुकावावर सगळं उभं नाही. उपसूर्य बिंदू नेपच्यूनपासून सुटलेला असणं आणि काही कक्षा काटकोनाइतक्या कललेल्या असणं, यांनाही कारण लागतं. ते कारण ग्रहच असेल असं नाही. सूर्य जन्मला त्या ताऱ्यांच्या गर्दीत एखादा तारा जवळून गेला असेल, तरी सेडनासारखी कक्षा तयार होऊ शकते.

आणि मांडलेला ग्रह एकच नाही. २०२३ मध्ये लायकावका आणि इतो यांनी दीड ते तीन पृथ्वी वस्तुमानाचा, २५० ते ५०० ख.ए. वरचा ग्रह सुचवला. २०२५ मध्ये सिराज, चायबा आणि ट्रेमेन यांनी ८० ख.ए. पलीकडच्या कक्षांच्या पातळीत सुमारे १५ अंशांचा कल दाखवून बुध ते पृथ्वी एवढ्या वस्तुमानाचा, १०० ते २०० ख.ए. वरचा ग्रह सुचवला. तो ताशी ०.७ ते १.३५ विकला सरकेल, म्हणून त्याचा शोध रुबिनच्या नेहमीच्या पद्धतीला बराच सोपा.

सप्तर्षी_०७

लोवेल यांचा ‘ग्रह एक्स’ आणि हा एकच का?

वातचक्र

नाही. लोवेल यांनी नेपच्यूनपलीकडे कल्पिलेला तो ग्रह युरेनसच्या गणिताने आलेल्या आणि प्रत्यक्ष दिसलेल्या गतीतल्या फरकावर बेतलेला होता. १९८९ मध्ये व्हॉयेजर २ नेपच्यूनजवळून गेलं, त्यावरून नेपच्यूनचं वस्तुमान सुमारे अर्ध्या टक्क्याने दुरुस्त झालं, आणि १९९३ मध्ये स्टँडिश यांनी ते घालून गणित केलं तेव्हा फरकच उरला नाही. ले व्हेरिए यांना १८४६ मध्ये अशाच फरकावरून नेपच्यूनची जागा वर्तवण्यात यश आलं, कारण त्यांच्याकडचा फरक खरा होता.

कृष्णपक्ष

अवरक्त (इन्फ्रारेड) बाजू कुणी घेतली नाही, म्हणून लिहिते.

परावर्तित प्रकाश अंतराच्या चौथ्या घाताने घटतो, पण ग्रहाची स्वतःची उष्णता फक्त वर्गाने. म्हणून फार लांबच्या ग्रहासाठी अवरक्त दुर्बीण बरी. अडचण तरंगलांबीची. वाइझ उपग्रहाच्या चित्रांवरून २०१४ मध्ये असं निघालं की शनीएवढा ग्रह १०,००० ख.ए. पर्यंत आणि गुरूपेक्षा मोठा २६,००० ख.ए. पर्यंत नाही. हा आकडा वाचून ‘मग नववा ग्रह नाहीच’ असं म्हणतात, ती चूक. वाइझचं ते काम ३ ते ५ मायक्रॉनमध्ये झालं. शनी-गुरूसारख्या ग्रहांची आतली उष्णता तिथे दिसते. ४०-५० केल्विनचा छोटा ग्रह तिथे अंधारातच राहतो, तो उजळतो ६० ते १०० मायक्रॉनमध्ये.

त्या पट्ट्यात संपूर्ण आकाश पाहिलेली दोनच मोठी सर्वेक्षणं: आयरास उपग्रह १९८३, अकारी उपग्रह २००६. मधे २३ वर्षं. ५०० ख.ए. वरचा ग्रह तेवढ्यात ४४ कला सरकेल, ७०० ख.ए. वरचा २७. २०२५ मध्ये या दोन याद्या जुळवून एक उमेदवार जोडी पुढे आली. पण त्या दोन ठिपक्यांतून जाणारी कक्षा इतकी कललेली निघते की ती मूळ नवव्या ग्रहाच्या मांडणीत बसत नाही, हे ब्राउन यांनीच दाखवलं. आणि दोन ठिपक्यांतून कुठलीही रेषा काढता येते. आयरासच्या धूसर चित्रांत आकाशगंगेतल्या थंड धुळीचे पुंजके ठिपक्यांसारखे दिसतात, तेव्हा तिसरा ठिपका मिळेपर्यंत त्याला ग्रह म्हणू नये.

निरभ्र

आता धाग्याच्या शीर्षकातला दुसरा भाग: ‘सापडला नाही’. याला अर्थ येतो तो खोटे ग्रह पेरल्यावरच.

कच्च्या फ्रेममध्ये कृत्रिम ठिपके घाला. त्या रात्रीचं सीइंग, त्या रात्रीची स्थिती, अंतरानुसार बरोबर सरकलेले. २० ते २३ प्रतींपर्यंत पाव-पाव प्रतीच्या पायरीने, प्रत्येक पायरीला किमान शंभर. मग सगळी प्रक्रिया पहिल्यापासून चालवा आणि किती परत मिळाले ते मोजा. निम्मे मिळतात ती प्रत हीच तुमची खरी मर्यादा. ती बहुधा नुसत्या स्टॅकवरून वाटते त्यापेक्षा वर, म्हणजे कमी खोल, येते. कारण ठिपका एकदा दिसून भागत नाही, तिन्ही रात्री दिसावा लागतो. एका रात्री ८० टक्के मिळत असतील तर तिन्ही रात्री ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ५१ टक्के.

तयार स्टॅकवर ठिपके पेरायचे नाहीत. तसं केलं तर तेजस्वी ताऱ्यांभोवतीचे झाकलेले भाग, चिपांमधल्या फटी, टोकाच्या किमती छाटणं, हे सगळं तपासातून सुटतं. निकाल सुंदर येतो आणि खोटा असतो.

ब्राउन आणि बॅटिगिन यांनी झेडटीएफ या आकाश-सर्वेक्षणाच्या नोंदींवर असंच केलं. कल्पित नवव्या ग्रहांची मोठी फौज घेतली, त्यातले किती त्या नोंदींत पकडले गेले असते ते मोजलं: ५६ टक्के. पुढे डार्क एनर्जी सर्व्हे आणि २०२४ मध्ये पॅन-स्टार्स ही आणखी दोन सर्वेक्षणं जोडून तो आकडा ७८ टक्क्यांवर गेला. याचा अर्थ ‘७८ टक्के आकाश तपासून झालं’ असा नव्हे. त्यांच्या मांडणीतल्या कल्पित ग्रहांपैकी ७८ टक्के असते तर सापडले असते, एवढाच. मांडणी बदलली की आकडा बदलतो. उरलेले बरेचसे अंधुक, लांबचे, आणि आकाशगंगेच्या पट्ट्याजवळचे, जिथे एकमेकांना चिकटलेल्या ताऱ्यांमुळे वजाबाकी बिघडते.

चांदणचुरा

निरभ्रदादा, माझ्यासारख्याने सराव कशावर करावा? २५० मिमीची दुर्बीण आहे.

निरभ्र

आधी माकेमाके हा बटुग्रह घे. सतराव्या प्रतीच्या आसपास, अरुंधती केश तारकासमूहात, ताशी अडीच विकला. ती जमली की एरिस हा दुसरा बटुग्रह: तिमिंगल तारकासमूहात, प्रत १८.७, अंतर सुमारे ९६ ख.ए., प्रतियुती ऑक्टोबरच्या मध्यावर. ताशी १.४ विकला, म्हणजे एका रात्रीत तीन तासांनी चार विकला सरकलेली दिसेल. पण सरावासाठी तसं बघू नकोस. पहिल्या आणि चौथ्या रात्रीचा एकेक स्टॅक घे, एरिस कुठे आहे हे माहीत नाही असं धर, आणि एकरात्री ठिपक्यांतून तिला बाहेर काढ. शंभर विकलांच्या आसपास सरक मिळेल. तीन रात्रींच्या मापांवरून फाइंड-ऑर्ब या कक्षा काढणाऱ्या प्रणालीत कक्षा काढलीस तर अंतर बऱ्यापैकी बरोबर येईल, अर्धदीर्घाक्ष आणि विमध्यता (कक्षा किती लांबट आहे ते) मात्र कशीही येतील. ते स्वाभाविक आहे. छोट्या कमानीवरून पराशय अंतर देतो, कक्षेचा आकार देत नाही. त्यासाठी पुढच्या प्रतियुतीपर्यंत थांबावं लागतं.

कृष्णपक्ष

किंवा मागे जावं लागतं. कॅनडाच्या खगोलीय माहिती केंद्राची एसएसओआयएस सेवा आहे. तिथे ढोबळ कक्षा दिली की ती वस्तू जुन्या कुठल्या फोटोंच्या चौकटीत येऊन गेली असावी याची यादी मिळते. तीन रात्रींच्या कक्षेवर दहा वर्षं मागे उडी मारायची नाही. आधी त्याच महिन्याचा फोटो, मग आदल्या वर्षीचा, प्रत्येक नवा ठिपका घालून कक्षा पुन्हा काढायची, मग त्याच्या मागचं वर्ष. लांब उडी मारली तर अनिश्चिततेचा लंबगोल एवढा मोठा होतो की त्यात चार-पाच अनोळखी ठिपके येतात, आणि त्यातला चुकीचा जोडला गेला की पुढची सगळी कक्षा बिघडते.

चांदणचुरा

समजलं. एरिसच्या तिन्ही रात्रींच्या याद्या आणि पेरलेल्या ठिपक्यांचा तक्ता याच धाग्यात टाकतो. ५० टक्क्यांची मर्यादा किती आली तेही लिहीन.

त्रिज्या

टाक. आणि तक्त्यात दर रात्रीचं सीइंग आणि गायावर बसवल्यानंतर उरलेली चूक, हे दोन रकाने ठेव. ते नसले तर मर्यादा कशामुळे घसरली ते सांगता येत नाही.